सोमवारी कांडप बंद असतं

'आज तुम्हाला कसं वाटतंय?' असं मला रोजच्या रोज, उत्तराची वाट बघत विचारलं ते पहिल्यांदा मोबाईलनं. तसं 'काय, बरं हाय न्हवं?' म्हणून दिवसभर येणारं-जाणारं माणूस विचारतच असतं. त्याला 'बरं हाय' म्हणायचं आणि मिरचीची पिशवी काट्यावर ठेवायची. पुढचं कुणाला ऐकायचं नसतं आणि आपल्यालाही सांगायचं नसतं. मोबाईल मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकेना. पाच तोंडं दाखवली. एक हसरं, एक रडकं, मधली तीन कसली ती देवाला ठाऊक. मी मधलं दाबलं. खाली लिहायला चौकोन होता, त्यात लिहिलं, 'बरं हाय. घरात सगळे बरे हायेत.'

आमचं मंगळवार पेठेत मिरची कांडप आहे. उन्हाळा तोंडावर आला की अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करायला निघतं. बायका ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या देठं काढून, वाळवून आणतात. भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण वेगळ्या डब्यात. मशीनची लोखंडी मुसळं धडाड धडाड पडतात आणि दुकानात लाल धूळ उडते. नवरा मशीनवर असतो, मी काट्यावर आणि चाळणीवर. सीझनला आम्हाला जेवायला उसंत नसते. अशात कोण मोबाईलमध्ये मनाची डायरी लिहीत बसेल? पण मला लिहावी लागली, कारण माझी एक किडनी काढून माझ्या भावाला द्यायची चालली होती आणि ही डायरी त्यातली एक पायरी होती.

भाऊ माझ्याहून धाकटा. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात शेती आणि म्हशी करतो. त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातनं दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, कोल्हापुरात येऊन तो डायलिसिसच्या मशीनला लागायचा. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी किडनी दिली तर बरं. आईला साखर, ती बाद. भावजयीचा रक्तगट जुळेना. मग माझं रक्त तपासलं, आणि जुळलं.

जुळलं त्या दिवशी आईचा फोन आला. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच. 'जुळलं गं बाई! माझ्या लेकराचं नशीब मोठं. आता तारीख तेवढी धरायची.' मागनं भावजय म्हणाली, 'वन्सं, देवासारख्या धावलासा.' मी कुठं धावले होते? मी काट्यावर बसले होते. पण म्हणाले, 'व्हय, बरं झालं.' संध्याकाळी नवऱ्यानं पाव्हण्यांना पेढे दिले. तो स्वभावानं चांगला आहे. एवढंच म्हणाला, 'सीझन झाल्यावर करूया ऑपरेशन. न्हाईतर काट्यावर कोण बसणार?' कुणाचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही.

किडनी देणाऱ्याला एकटीला बसवून बोलायची हॉस्पिटलात पद्धत आहे. त्यासाठी एक मॅडम होत्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं आणि विचारलं, 'काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?'

'आमच्यात कुणाची हरकत न्हाई.'

'घरच्यांचं नाही विचारत. तुमचं.'

'माझं काय वेगळं असणार, मॅडम? भाऊ हाय माझा.'

'हो, पण तुम्हाला भीती वाटते का? राग येतो का? द्यावीशी वाटते का?'

आता या 'वाटतं'ला काय सांगायचं? आमच्याकडं वाटतं बिटतं कुणी विचारत नाही. भूक लागलीय का, झोप झाली का, कुठं दुखतंय का, हे विचारतात. मी म्हणाले, 'द्यायलाच पायजे की.' मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्या मोबाईलमध्ये ती डायरी घालून दिली. रोज कसं वाटतं ते लिहायचं, झोप लागली का, भूक लागली का, रडू आलं का, यावर खूण करायची. आठवड्याचं सगळं आपोआप मॅडमना दिसणार. तशी परवानगी मीच दिली. त्यात लपवण्यासारखं माझ्याकडं काय होतं?

मी प्रामाणिकपणानं लिहायला लागले. कामात मी कधी कुचराई करत नाही. दुपारी मशीन जरा थांबलं की पदरानं बोटं पुसायची आणि लिहायचं. 'सासूबाईंचा गुडघा दुखतोय, त्यामुळं सगळ्यांची तोंडं उतरलीत.' 'मशीनचा पट्टा तुटला, मालक दिवसभर भडकलेले.' 'पोरीचा पेपर बरा गेला, घरात आनंद.' 'भावानं पाणी जास्त पिलं, पाय सुजलेत. आई काळजीत.' असं पानच्या पान. वाचलं तर आमच्या भावकीत कोण कुठल्या दिवशी कसल्या मूडमध्ये होतं ते बिनचूक सापडेल.

मॅडमचा फोन आला. 'काकू, छान लिहिता. पण तुम्ही कुठं आहात यात?'

'म्हंजे? मीच लिहितीय की.'

'लिहिताय तुम्हीच. पण तुमच्याबद्दल एक ओळ नाही.'

मला राग आला. म्हटलं, ही कालची पोर, लग्न झालेलं नाही, हिला काय कळणार? बाईच्या संसारात एकटीचं असं काय असतं? सगळे खूश असले की आपण खूश, सगळ्यांची तोंडं वाकडी की आपला दिवस वाया. आता त्यातनं माझं तेवढं चिमट्यानं कसं काढू? फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाले, 'खुळ्याच्या बाजारात बसवलंय मला.' तो म्हणाला, 'लिही की काय तरी. परीक्षेत पास व्हायचं, झालं.'

त्यात ती डायरी शहाणपण पण शिकवायची. मधनंच घंटी वाजवून म्हणायची, 'डोळे मिटा आणि एक दीर्घ श्वास घ्या.' एकदा घेतला. चालू मशीनपुढं, लवंगी मिरचीच्या धुरळ्यात. असा ठसका लागला की दोन बायकांनी पाठ थोपटली आणि एक जण गुळाचा खडा घेऊन आली. त्यानंतर मी श्वासाच्या बाबतीत तिचं ऐकायचं सोडून दिलं.

आणि मग तो घोटाळा झाला. डायरीत रोज एक प्रश्न यायचा, 'आज रडू आलं का?' आता मिरची कांडपाच्या सीझनला डोळ्यातनं पाणी येत नाही असा दिवस असतो काय? सकाळी दुकान उघडल्यापासनं डोळे गळायला लागतात ते संध्याकाळी अंघोळ करेपर्यंत. विचारलंय तर खरं सांगावं म्हणून मी रोज खूण करायची. रडू आलं. आलं. आलं. किती वेळा, असा पुढचा प्रश्न. त्याला मी 'दिवसभर' दाबायची.

एक दिवस हॉस्पिटलातनं भावाच्या घरी फोन गेला. तुमच्या बहीण दिवसभर रडतात असं दिसतंय, त्यांची तयारी दिसत नाही, त्यांच्याशी परत बोलल्याशिवाय कागद पुढं जाणार नाहीत. एवढंच. पण आमच्याकडं एवढंच कधी एवढंच राहतं? अर्ध्या तासात आई फोनवर. 'काय लिहिलंस गं त्या फोनात? दिवसभर रडतीस म्हणं! माझ्या लेकराच्या जिवावर उठलीस काय?'

'आगं आई, मिरचीचं रडू ते!'

'मग ते कशाला सांगत बसलीस त्यांस्नी? उचलली जीभ लावली टाळ्याला!'

भावजय मागं रडत होती, तिचं मला ऐकू येत होतं. नवऱ्याला मी सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि मशीनपाशी जाऊन सगळ्या बायकांना सांगून आला. त्या बायका पण हसल्या. एक म्हणाली, 'आमची बी नावं घाला, आमी बी रडतोय.' मी हसले नाही. माझा भाऊ मशीनवर झोपलेला आणि माझ्या बोटानं त्याचे कागद अडकले. 

तशीच उठून, दुकानातल्याच लुगड्यावर, हॉस्पिटलात गेले. मॅडमनी दार लावलं, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'काकू, घाबरू नका, मोकळेपणानं बोला.' आणि शिंकल्या. परत शिंकल्या. नाकाला रुमाल लावला, डोळ्यांतनं धारा. माझ्या पदरातली, केसांतली मिरची त्या बंद खोलीत पसरली होती.

मी म्हणाले, 'बघा. आता तुमी बी खूण करा, रडू आलं म्हणून.'

त्या खळखळून हसल्या. चांगली पोरगी होती, उगीच राग धरला होता मी. दार उघडून पंखा लावला, चेहरा धुऊन आल्या. मग म्हणाल्या, 'तो फोन तुमच्या घरी जायला नको होता, ऑफिसची चूक झाली, परत होणार नाही. आता असं करा. घरी जाऊन सगळ्या खुणा बघा. जे रडू मिरचीचं, त्याची खूण काढून टाका. उरेल ते घेऊन या.'

काय उरणार? शून्य उरणार. मी तसं म्हणालेसुद्धा.

दुपारी दुकान जरा शांत झाल्यावर बसले. एकेक दिवस उघडायचा आणि खूण पुसायची. मंगळवार, मिरचीचं. बुधवार, मिरचीचं. सपासप काम चाललं होतं. सोमवार आला आणि बोट थांबलं. सोमवारी आमच्या भागात लाईटची सुट्टी असते, दिवसभर वीज नसते, त्यामुळं कांडप बंद असतं. सोमवारी मिरचीचा कणसुद्धा माझ्या अंगावर नसतो. तरी खूण होती, रडू आलं. मागचा सोमवार बघितला. त्यालाही होती. त्याच्या मागचा, त्यालाही. सवयीनं दाबलं असेल म्हणावं तर मला आठवत होतं. रंकाळ्याच्या कडेनं रिक्षातनं येताना, पदर तोंडाला लावून.

सोमवारी दुकान बंद म्हणून मी भावाजवळ बसायला जायची. चार तास तो मशीनला, मी शेजारी स्टुलावर. तो बोलायचा भरपूर. म्हैस आटली, शेजाऱ्यानं बांध कोरला, फुटबॉलात आमच्या पेठेची टीम हरली, मिरचीचा भाव काय. तांबड्या रश्शाचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचा, कारण त्याला वाटीभर पाणीसुद्धा मोजून. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळायचा. सगळं बोलायचा, पण किडनीचं चुकूनसुद्धा नाही. त्या सगळ्या महिन्यांत 'आक्का, तू देणार हायेस' एवढंही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. आणि बोलताना माझ्याकडं बघायचा नाही, मशीनच्या काचेकडं बघायचा. मी त्याचे पाय चेपायची, उठायची आणि रिक्षात बसली की डोळे गळायचे. हे दर सोमवारी घडत होतं आणि त्याच्यावर मी कधी एक विचार केला नव्हता.

त्या खुणा मी पुसल्या नाहीत. खाली चौकोनात लिहायला लागले. 'भाऊ' असं लिहिलं, खोडलं. 'आई' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, 'मला कुणी विचारलं न्हाई.' आणि त्याकडं बघत बसले. एवढी साधी गोष्ट होती. यासाठी इतके दिवस रिक्षात रडत होते मी? पण खरं तेच होतं. मला भयंकर राग आला होता, आणि तो कापाकापीचा नव्हता, किडनीचा नव्हता. मुकी बिचारी कुणीही हाका, तशी मला हाकत होते आणि मी चालत होते, याचा होता.

मग वडील गेल्यानंतरची एक सकाळ आठवली. भावाचा फोन आला, 'आक्का, उद्या तालुक्याला ये, सही करायची हाय.' गेले. शेतातला माझा हिस्सा भावाच्या नावानं सोडला, त्याला हक्कसोड म्हणतात. कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला, हॉटेलात मिसळ खाल्ली. आईनं जांभळी साडी दिली. ही आमच्याकडची रीतच आहे. माझ्या नणंदांनी आमच्या घरासाठी तशाच सह्या केल्या आणि त्यांच्या साड्या मी आणल्या. त्या शेताचं मला आजही काही नाही. विचारलं असतं तरी सोडलंच असतं. पण विचारलं असतं तर मी सोडलं असं झालं असतं. ते झालं नाही. साडी चांगली होती, अजून नेसते.

हे सगळं मी डायरीत लिहून टाकलं. घाबरले नाही, काय ते एकदा होऊन जाऊ दे म्हटलं.

मॅडमनी ते वाचलं असणार, कारण पुढच्या वेळी त्यांनी ना मिरचीचं काढलं, ना सोमवारचं. म्हणाल्या, 'काकू, एक गोष्ट सांगते. ही मी इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. फक्त मला सांगायचं. डॉक्टर घरी एवढंच कळवतात की या किडनी देऊ शकत नाहीत. का, ते कुणालाही सांगत नाहीत. तुमच्या मालकांनासुद्धा नाही.'

मी विचारलं, 'भावाला?'

'त्यांनाही नाही.'

बाहेर आले. चालत घरी आले, रिक्षा करायची आठवणच राहिली नाही. त्या दिवसापासनं मला अशी गाढ झोप लागायला लागली की विचारू नका. भाकरी गोड लागायला लागली. काट्यावर बसून मी गिऱ्हाइकांची चेष्टा करायला लागले. एक दिवस डायरी उघडली आणि हसरं तोंड दाबलं, पहिल्यांदाच. खाली लिहिलं, 'मला हलकं वाटतंय. मला न्हाई म्हणता येतं.' दाबल्यावर लाज वाटली. भाऊ तिकडं बर्फ चघळतोय आणि आक्का हसतीय. तेही लिहिलं, 'लाज वाटतीय, पण झोप लागतीय.' तोवर मला लिहायची सवय लागली होती. एका दिवसात दोन तोंडं दाबली तरी डायरी तक्रार करत नाही, हे मला तिचं आवडलं.

देणार का नाही, हे मात्र डायरी सांगेना. रोज उघडून बघायची. झोप बरी, भूक बरी, रडू नाही. पण देणार का? त्याचं तोंड त्या पाचांत नव्हतं. इकडं कागद पुढं गेले होते आणि तारीख धरायचं चाललं होतं. आई रोज फोन करून विचारायची, 'आता नीट लिहितीस न्हवं?'

सोमवार आला. मी स्टुलावर बसले. भावानं म्हशीपासनं सुरुवात केली. त्याला थांबवलं.

'तुला एक सांगायचंय.'

'बोल की.'

'मला न्हाई म्हणता येतंय.'

'कशाला?'

'किडनीला. मी न्हाई म्हटलं तरी डॉक्टर कुणाला कारण सांगत न्हाईत. आईला कळणार न्हाई, तुझ्या बायकोला कळणार न्हाई, तुला बी कळलं नसतं.'

तो काचेकडं बघत राहिला. मग म्हणाला, 'मग म्हणून टाक की न्हाई. मला कशाला सांगत बसलीयास?'

माझं टाळकंच सरकलं. 'मोठा आला दानशूर कर्ण! इतके महिने इथं तुझे पाय चेपतीय, एकदा तरी तोंडातनं काढलंस? आक्का, देशील का, एवढं इचारायला काय जीभ झडती काय तुझी?'

'आणि इचारून काय करू?' तो पण तापला. 'तू व्हयच म्हणणार! जन्मात कुणाला न्हाई म्हणालीयास? लगीन ठरवलं, व्हय. शेतावर सही कर म्हटलं, व्हय. तुझ्या व्हयवर मी काय समजायचं? आतनं काय हाय ते मला कसं कळायचं?'

'म्हणून न इचारताच घेणार हुतास?'

'म्हणून तर झोप न्हाई मला!' तो ओरडला.

नर्स आली. 'हळू बोला, इथं पेशंट आहेत.'

'मी बी पेशंटच हाय की, ताई,' तो म्हणाला. ती कपाळाला आठी घालून गेली. मशीन तेवढं घुमत होतं आणि नळीतनं त्याचं रक्त फिरत होतं. माझा राग उतरला होता. हाही झोपत नव्हता, हे मला माहीतच नव्हतं.

मी म्हणाले, 'आता इचार.'

'हितं?'

'हितंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं न्हाई.'

त्यानं सुई टोचलेला हात तसाच ठेवून मान वळवली. लहानपणी याला भूक लागली तरी मागायचा नाही, चुलीपाशी येऊन नुसता उभा राहायचा. आई समजून वाढायची. मागायची वेळच कधी आली नाही त्याच्यावर. ओठ ओले केले, घसा खाकरला.

'आक्का, तुझी एक किडनी मला देशील काय?'

'न्हाई,' मी म्हणाले.

ठरवून म्हणाले नव्हते. तोंडातनं निघालं. एवढ्या मोठ्या वयात, मरणाला टेकलेल्या भावाला, तोंडावर. वाटलं, आता हा भिंतीकडं तोंड करणार, आता आईला फोन लावणार, आता काय राहिलं माझं माहेर?

तो माझ्याकडं बघत होता. काचेकडं नाही, माझ्याकडं. बघितलं आणि म्हणाला, 'बरं.'

नुसतं बरं. रागानं नाही, टोमणा मारूनसुद्धा नाही. मग विचारलं, 'ब्याडगीचा भाव उतरला का गं?' आणि मोकळ्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. मी न्हाई म्हटलं तरी मी त्याची आक्काच होते. हे मला माहीत नव्हतं. खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. 

'परत इचार,' मी म्हणाले.

'भाव?'

'भाव न्हवं. मगाचंच.'

'आगं, आत्ताच न्हाई म्हणालीस की!'

'परत इचार म्हणतीय न्हवं?'

तो माझ्याकडं खुळ्यागत बघायला लागला. पण विचारलं. तेच शब्द, आवाज मगापेक्षा बारीक.

'व्हय,' मी म्हणाले. 'देते.'

'एक काय ते नक्की सांग, आक्का. चेष्टा करायची गोष्ट हाय व्हय ही?'

'नक्की. मगाचं न्हाई बी माझंच हुतं, आन् हे व्हय बी माझंच हाय. आता गप पड.'

तो गप पडला नाही. एवढा मोठा बाप्या, हुंदके देऊन रडायला लागला, हात हलला आणि मशीन किंचाळायला लागलं. नर्स धावत आली आणि काय झालं ते न विचारताच मला दंडाला धरून बाहेर काढलं.